‘परफेक्ट’ माणसाला मराठीत काय म्हणाल?

गिरणाकाठ:
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. चाळीसगावकडच्या एका शाळेत दहावीच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या पालकांशी बोलायचं आहे. विषय आहे परफेक्ट असण्याचा ध्यास आणि स्वतःला आहे तसं स्वीकारणं. ही मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत पुस्तकातली मराठी आणि मोबाईलवर दोन्हींची सरमिसळ. ‘परफेक्ट’ हा शब्द मात्र तिन्हीकडे आहे. “बाई, मी परफेक्ट नही शे,” असं वर्गातली मुलगी म्हणते तेव्हा त्या वाक्यात परका शब्द एकच असतो आणि तिचं सगळं दुखणं त्याच शब्दाशी असतं.

कोशात पाहिलं. परिपूर्ण, निर्दोष, अचूक, बिनचूक, सर्वगुणसंपन्न, अव्यंग असे शब्द मिळाले, पण एकही तिथे बसत नाही. ‘निर्दोष’ म्हटलं की कोर्टातून सुटलेला आरोपी आठवतो. ‘परिपूर्ण’ आपण देवाला म्हणतो, नाहीतर आहाराला. ‘अव्यंग’ लग्नाच्या जाहिरातींतून आलेला आहे. वर्गात एक मुलगी कुबडी घेऊन येते. तिच्यासमोर तो शब्द फळ्यावर लिहायला माझा हात धजणार नाही.

दुसरा प्रश्न ‘स्वतःचा स्वीकार’चा. ‘स्वीकार’ हा शब्द हारतुरे आणि राजीनामे स्वीकारण्याचा वाटतो. आपली माणसं घरात, ओट्यावर बसून याला काय म्हणतात? खान्देशातल्या कोणत्याही बोलीतलं चालेल.

सातपुडा:
ताई, प्रश्न नीट धरला आहे तुम्ही. माझं म्हणणं जरा लांबेल.

तुमच्या यादीतले शब्द कशाला लागतात ते बघा. नेम अचूक असतो, हिशेब बिनचूक असतो, नक्कल तंतोतंत असते, अक्षर नीटनेटकं असतं, बंदोबस्त चोख असतो. हे सगळे कामाचे किंवा वस्तूचे गुण आहेत. ‘तो अचूक माणूस आहे’ असं कोणी म्हणत नाही. माणसाबद्दल बोलायचं झालं की मराठी आधी विचारते, कशात? आणि त्याचं उत्तर वाक्यातच देऊन टाकते. व्यवहाराला चोख. शब्दाला पक्का. कामाला वाघ. उणं सांगतानाही तसंच: जिभेने तिखट, कानाने अधू, गणितात कच्चा, पैशाच्या बाबतीत ढिला. एकाच माणसाबद्दल एकाच दमात दोन्ही सांगता येतं. “जिभेने तिखट आहे, पण मनाने मऊ.” गावात कोणाच्याही आईबद्दल असं बोललं जातं आणि तिला ते लागत नाही, कारण प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी ठेवलेली असते.

‘परफेक्ट’ने ही ‘कशात’ची जागाच पुसून टाकली. ‘ती परफेक्ट आहे’ या वाक्यात दिसण्यात, मार्कांत, स्वयंपाकात की स्वभावात, काहीच सांगितलेलं नाही. सगळा माणूस एका शब्दाखाली आला. म्हणून ‘मी परफेक्ट नाही’ हेही सगळ्या माणसावरच येऊन पडतं. ‘मी भूमितीत कच्ची आहे’ असं म्हणणारी मुलगी प्रमेयं घेऊन बसेल. ‘मी परफेक्ट नाही’ म्हणणारीने कशाला हात घालायचा?

‘कच्चा’ हा शब्द तर फळ्यावर लिहाच. तो संस्कृत ‘पक्व’पासून आलेल्या ‘पक्का’चा जोडीदार आहे. पिकायचं आहे एवढंच तो सांगतो. त्यात दोष लावलेला नाही.

पूर्ण माणसाला लावायचे शब्द मराठीत अगदीच नाहीत असं नाही. ‘पूर्णपुरुष’ आहे, तो श्रीकृष्णासाठी राखलेला. ‘सर्वगुणसंपन्न’ आहे, तो मुलगी दाखवण्याच्या बैठकीत वधूपक्षाच्या तोंडी असतो. माणसामाणसांतल्या रोजच्या बोलण्यात दोन्ही नाहीत.

कसोटी:
आमचं सराफीचं घर, जळगावचं. त्यामुळे मी त्याच बाजूने बोलणार.

सोन्याच्या शुद्धतेला आम्ही ‘कस’ म्हणतो. काळ्या कसोटीवर घासून जी रेघ उमटते तिच्यावरून तो ठरायचा. शुद्धतेचं प्रमाण म्हणजे ‘टंच’. अगदी शुद्ध ते ‘बावनकशी’, म्हणजे बावन्न कसांना उतरलेलं. ते माणसाच्या गुणालाही लागतं. ‘तावून सुलाखून’ हेही इथलंच, तापवून आणि भोक पाडून आतून पारखलेलं.

आता तुमच्या कामाचं. चोवीस कॅरेट सोनं मऊ असतं. रोज वापरायच्या, नक्षीच्या किंवा खड्याच्या दागिन्याला ते झेपत नाही. वाकतं, झिजतं, खडा धरून ठेवत नाही. म्हणून त्यात तांबं, चांदी घालतात. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ लिहिलेलं असतं, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं आणि बाकी दुसरे धातू. या मिसळलेल्या धातूला आमच्याकडे ‘हीण’ म्हणतात. हीण जास्त झालं की सोनं ‘हिणकस’. मूळ शब्द संस्कृत ‘हीन’, आणि ‘हिणवणे’ही त्याच घरातलं. बाहेर हा शब्द शिवीसारखा वापरतात, पण कारागिराच्या ताटलीत हीण मोजून घातलेलं असतं आणि त्यावाचून मंगळसूत्राची वाटी टिकत नाही.

एक आणखी. जुन्या बायका दागिन्याला ‘डाग’ म्हणतात. “अंगावर चार डाग होते, ते बियाण्यासाठी मोडले,” हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून आमच्या दुकानात कितीदा ऐकू येतं. कपड्यावर पडतो तोही डागच. दोन्हींचं मूळ एकच की वेगळं, हा वाद मी जाणकारांवर सोडतो. मला बोलण्यातला वापर ठाऊक आहे, तेवढा सांगितला.

गिरणाकाठ:
कसोटी भाऊ, ‘हीण’ मला माहीतच नव्हतं. आभार. सातपुडा, ‘कशात?’ हा प्रश्न मी मुलांना नक्की विचारणार. पण स्वीकाराचं राहिलं की.

आखाजी:
स्वीकारासाठी कोणीतरी ‘पदरी पडलं पवित्र झालं’ सुचवेल, त्याआधीच सांगते: ती म्हण नको. आमच्या आईच्या, मावशीच्या पिढीने ती फार ऐकली. नवरा दारू पितो, पदरी पडलं पवित्र झालं. सासरी शिकू दिलं नाही, पदरी पडलं. जिथे बाईने बोलायला हवं होतं तिथे तिला गप्प करायला ही म्हण कामी आली. तिच्यात नाइलाज आहे. नाइलाजाला स्वीकार म्हणून मुलींच्या गळ्यात घालू नका, एवढी विनंती.

‘चालवून घेणं’ही नको. त्यात वस्तू कमी प्रतीची आहे हे आधीच ठरवलेलं असतं.

मला ‘सांभाळून घेणं’ योग्य वाटतं. नवी सून आली की मुलीची आई विहिणीला म्हणते, “लहान आहे, चुकेल, सांभाळून घ्या.” चुकेल हे त्यात उघड कबूल केलेलं आहे. तरीही ती तुमचीच आहे, तिला शिकवा, हात सोडू नका, हेही आहे. पदर म्हटलाच तर ‘चूक पदरात घेणं’ हा वापर बघा. तिथे पदर पुढे करणारा स्वतःहून करतो. म्हणीतला पदर आणि हा पदर एक नाही.

फक्त हे सगळं आपण दुसऱ्यासाठी मागतो. स्वतःसाठी कोणी मागत नाही. ‘स्वतःला सांभाळून घे’ असं वाक्य मी अलीकडे एका मैत्रिणीला म्हटलं, तेव्हा तिला ते समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे भाषेला ते चालतं.

माझं नाव आखाजी आहे, तर आखाजीचंही थोडं बोलते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे खापरावर मांडे होतात. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायचा. पहिल्यांदा करणारीचा मांडा फाटतोच. शेजारची काकू पिठाचा तुकडा घेऊन लगेच लिंपते आणि म्हणते, “होऊ दे, आमरसात बुडाल्यावर कोण बघतंय.” माहेरी आलेल्या लेकी असंच शिकल्या. आता मोबाईलवर चंद्रासारखा गोल मांडा बघून पोरी खापराला हात लावायला घाबरतात. फाटलेला कोणी दाखवत नाही.

पांझरा:
माफ करा, पण मला यात थोडा धोका दिसतो. मी धुळ्यात दवाखान्यात परिचारिका आहे. सलाइनमधल्या औषधाचं प्रमाण ‘होऊ दे’ म्हणून चालत नाही. मिलीग्रॅमच्या जागी ग्रॅम वाचलं तर हजारपट होतं. तिथे बिनचूकच हवं आणि नव्या मुलींना मी ते कडक शब्दांत सांगते. उद्या या मुलांना ‘आहे तसा ठीक आहे’ एवढंच कळलं तर कामातली हयगयही ‘स्वीकार’ या नावाखाली खपेल. आपल्याकडे ‘चालतंय की’ आधीच कमी नाही.

सातपुडा:
पांझराताई, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच ‘कशात’ सोडून चालणार नाही. औषधाचं प्रमाण बिनचूक हवं. ते मोजणारी बाई बिनचूक हवी, असं मात्र आपण म्हणत नाही. ती थकते, तिला झोप येते, हे धरूनच दोघींनी प्रमाण तपासायची पद्धत ठेवतात ना?

मानसशास्त्रातही हीच रेघ ओढलेली आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५५च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. विनाअट आत्मस्वीकारावर त्याने पुढे फार भर दिला. त्याचं सांगणं असं की कृतीचं मूल्यमापन करा, ती चुकली तर चुकली म्हणा, सुधारा. पण एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. म्हणजे त्यात हयगयीला सूट नाही. उलट चूक झाली की ‘मी वाईट’ म्हणणाराच चूक लपवतो, कारण कबूल केली तर सगळा माणूस जातो. तुमच्या वॉर्डात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

आणखी एक तपशील पालकांसाठी. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून निर्दोषपणा मागणं, दुसऱ्याकडून मागणं, आणि लोक आपल्याकडून तो मागताहेत असं वाटणं. तिसऱ्याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा शब्दप्रयोग आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो आहोत. दहावीच्या मुलाच्या डोक्यात जे ‘लोक’ असतात, त्यांत पहिली दोन माणसं आई आणि बाप असतात, हे पालकांना सांगाच.

पांझरा:
हो, दोघींनी तपासायची पद्धत आहे. आणि चूक लपवण्याचं म्हणता तेही खरं. जिला ओरडा बसायची भीती वाटते ती चुकल्याचं उशिरा सांगते, आणि त्या उशिराचा त्रास पेशंटला होतो. मग मुलांना दोन्ही सांगा, वेगवेगळं सांगा. माझी हरकत नाही.

वाघूर:
व्युत्पत्तीचं राहून गेलं, म्हणून लिहितो. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदावरून ‘परफेक्ट’ आला त्याचा अर्थ ‘शेवटपर्यंत करणे, पुरं करणे’. त्यात मुळात निर्दोषपणा नव्हता. व्याकरणात तो जुना अर्थ अजून आहे. इंग्रजीतल्या त्या काळाला आपण ‘पूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतो. ‘मी जेवलो आहे’ यात जेवण झालं एवढंच आहे, मीठ कमी होतं की जास्त याच्याशी संबंध नाही.

आपला ‘पूर्ण’ हा ‘भरणे’ या अर्थाच्या धातूवरून. त्याच कुळातून ‘पुरा’, ‘पुरणे’, ‘पुरेसा’, ‘पुरता’ आणि ‘पुरे’ आले. आखाजीताईंच्या मांड्यातलं ‘पुरण’ही तिथलंच, भरलेलं ते पुरण. म्हणजे एका बाजूला पूर्ण, दुसऱ्या बाजूला ‘पुरे, आणखी नको’, आणि दोन्ही एकाच मुळाची. ‘निर्दोष’ची गोष्ट वेगळी. तो ‘निर्’ने सुरू होतो, आधी दोष मोजतो आणि मग ते नाहीत असं सांगतो. मोजदाद कधी संपत नाही.

म्हणून माझं मत ‘पुरेसा’ला. डॉनल्ड विनिकॉट या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला आईबद्दल असाच शब्द वापरला होता, मराठीत ‘पुरेशी चांगली आई’ म्हणता येईल. बाळाची प्रत्येक गरज क्षणात भागवणं त्याला अपेक्षित नव्हतं. आई हळूहळू थोडी कमी पडत जाते आणि त्यातूनच बाळ जगाशी जुळवून घ्यायला शिकतं, असं त्याचं म्हणणं. पालकसभेत हे आयांना सांगा, त्यांना ते मुलांइतकंच हवं असतं.

आखाजी:
‘पुरेशी चांगली आई’ वाचून जीव भांड्यात पडला. खरंच.

कसोटी:
‘पुरेसा’ला माझी एक शंका. मुलगा ‘मी पुरेसा आहे’ असं म्हणेल का? मला ते छापील वाटतं. ‘पुरेसा’ पगाराला, पावसाला लागतो. “मी पुरेसा” ऐकून बाप विचारेल, कोणाला पुरेसा?

वाघूर:
विचारू द्या की. ‘कशात’ आणि ‘कोणाला’ हे दोन प्रश्न आले म्हणजे शब्द मराठी झाला. पण छापील वाटतो हे मान्य.

सातपुडा:
अहिराणीत सरळ ‘मी जसा शे तसा शे’ म्हणतात. मुलीने म्हणायचं तर ‘जशी शे तशी’. वेगळा शब्द शोधायलाच नको.

गिरणाकाठ:
सातपुडा, हेच हवं होतं. तरी पांझराताईंच्या शंकेसाठी मी त्याला जोड देणार आहे. फळ्यावर दोन ओळी लिहीन. पहिली ‘मी जशी शे तशी शे’. तिच्याखाली ‘कशात कच्ची? कशात पक्की?’ आणि मुलांना प्रत्येकी दोन-दोन उत्तरं लिहायला सांगेन, ‘-ला’, ‘-ने’ किंवा ‘-त’ लावून. ‘मी वाईट’, ‘मी भारी’ अशी प्रत्यय नसलेली उत्तरं घेणार नाही. पालकांनाही तोच कागद देईन, त्यांनी मुलांबद्दल नाही तर स्वतःबद्दल लिहायचं.

‘सांभाळून घेणं’ पालकांच्या भागात ठेवते. ‘परफेक्ट’ला एकच मराठी शब्द देण्याचा नाद सोडला. कामाला बिनचूक, सोन्याला बावनकशी, माणसाला मात्र ‘कशात’.

एक राहिलं. वर्गात नंदुरबारकडून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांतली तीन-चार मुलं आहेत, घरी भिली किंवा पावरी बोलणारी. त्यांना फळ्यावर त्यांचीही ओळ दिसायला हवी. ‘जशी आहे तशी’ला त्या बोलींत काय म्हणतात? शहादा, तळोदा, धडगाव भागातलं कोणी इथे असेल तर येत्या शनिवारच्या आत कळवा. उच्चार जसा ऐकू येतो तसाच लिहा, मी मुलांकडून वाचून घेईन.