मदत हवी आहे: मॉसची लोटस १८, गाडी एकच की दोन?

मंडळी, ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या लोटस १८ या फॉर्म्युला वन गाडीच्या मागे लागलोय सध्या. १९६० ला मोनॅको जिंकला, रॉब वॉकर या खासगी टीममालकाच्या गडद निळ्या गाडीत, लोटस गाडीचा पहिला ग्रां प्री विजय तो (आणि गंमत म्हणजे लोटसचा संस्थापक चॅपमनच्या स्वतःच्या टीमचा नाहीच!), मग महिन्याच्या आत बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर प्रॅक्टिसमध्ये मागचं चाक निखळलं आणि दोन्ही पाय मोडून घेतले. १९६१ ला परत मोनॅको, परत लोटस १८, यावेळी दीड लिटरचं क्लायमॅक्स इंजिन आणि मागे फेरारी हात धुवून लागलेल्या. गरमीमुळे बाजूचे पत्रे काढलेले, फोटोत आत बसलेला मॉस सगळा दिसतो. तर ही स्पाचीच गाडी दुरुस्त केलेली की नवी चासी (गाडीचा मूळ सांगाडा)? कोणाकडे चासी नंबर असतील तर टाका ना प्लीज.