मदत हवी आहे : जुन्या कॅसेटी मिनीडिस्कवर उतरवताना मोनो निवडावा की एलपी२?

नमस्कार. माझे मामा नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये होते. त्यांनी तिथून आणलेला मिनीडिस्क डेक (सोनीच्या छोट्या डिस्कवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र) आता माझ्याकडे आला असून तो व्यवस्थित चालतो. वडिलांनी १९८०च्या दशकात घरगुती मैफली आणि आकाशवाणीवरील गायन टिपून ठेवलेल्या चाळीस कॅसेटी मला या डेकवर उतरवायच्या आहेत. (थेट संगणकावर का नाही, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो, की तेही करणार आहे, पण ध्वनिमुद्रणाचे तुकडे पाडणे, जोडणे आणि त्यांना नावे देणे मला डेकवरच सोयीचे वाटते.)

कोऱ्या डिस्क ८० मिनिटांच्या आणि फक्त २२ आहेत. सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत त्यांचे उत्पादन थांबवल्यामुळे त्या जपून वापरणे भाग आहे. कॅसेटींपैकी निम्म्या ९० मिनिटांच्या आणि निम्म्या ६० मिनिटांच्या आहेत. एसपी, म्हणजे नेहमीच्या स्टिरिओ मोडमध्ये ९० मिनिटांची कॅसेट एका डिस्कवर मावत नाही. मोनो (एकच चॅनेल) किंवा एलपी२मध्ये (डेटा जास्त आकसून दुप्पट वेळ देणारा स्टिरिओ मोड) मात्र १६० मिनिटे मिळतात, म्हणजे दोन्ही प्रकारची एकेक कॅसेट एका डिस्कवर बसते आणि दोन डिस्क शिल्लक राहतात. एलपी४मध्ये ३२० मिनिटे मिळत असली, तरी ६६ केबीपीएसवर (दर सेकंदाला ६६ किलोबिट डेटा) तानपुऱ्याचा झंकार पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू आल्यामुळे तो मोड मी बाद केला आहे.

माझा कल मोनोकडे आहे. एसपीचे २९२ केबीपीएस दोन चॅनेलांत वाटले जातात, तर मोनोमध्ये त्याच्या निम्मा डेटा एकट्या चॅनेलला मिळतो. त्यामुळे दर्जा एसपीइतकाच राहतो. एलपी२मध्ये १३२ केबीपीएसमध्ये दोन्ही चॅनेल सामावावे लागतात. शिवाय एलपी मोड २००० साली आले असल्याने, मामांच्या त्याआधीच्या खिशातल्या प्लेअरवर एलपी२ची डिस्क लावली की वेळ पुढे सरकतो, पण आवाज येत नाही. मोनो डिस्क त्यावर नीट वाजते.

अडचण पुढेच आहे. मूळ टेपरेकॉर्डर मोनो होता, पण मी कॅसेटी स्टिरिओ डेकवर वाजवतो. मोनो मोडमध्ये डावा आणि उजवा चॅनेल एकत्र मिसळले जातात. कॅसेट भरली गेली तेव्हाच्या हेडचा (टेपला टेकून आवाज टिपणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) कोन माझ्या डेकच्या हेडशी जुळत नसेल, तर दोन्ही चॅनेलांत सूक्ष्म कालांतर पडते आणि मिसळताना वरचे स्वर एकमेकांना खोडतात. माझ्या चाचणीत नेमके हेच झाले : एसपीमध्ये स्पष्ट असलेली तबल्याची चाट मोनोमध्ये बोथट झाली. एकदा उतरवल्यावर मोड बदलता येत नाही, म्हणून आधीच विचारतो आहे.

प्रत्येक कॅसेटीसाठी हेडजवळचा स्क्रू फिरवून कोन जुळवणे योग्य ठरेल, की कॅसेट डेकचा फक्त डावा चॅनेल वाय केबलने मिनीडिस्क डेकच्या दोन्ही इनपुटांना दिला तरी पुरेल? दुसऱ्या पद्धतीत टेपचा खरखराट वाढतो का? आणखी एक : ध्वनिमुद्रणाची सूची डेक थांबवून डिस्क बाहेर काढल्यावर किंवा डेक बटणाने बंद केल्यावरच डिस्कवर लिहिली जाते, त्याआधी वीज गेली तर ध्वनिमुद्रण वाया जाऊ शकते आणि आमच्याकडे वीज केव्हाही जाते. सध्या मी कॅसेटची एक बाजू संपताच डिस्क बाहेर काढतो. डेकला इन्व्हर्टरवर ठेवल्यास ध्वनिमुद्रणात गुणगुण उतरते का, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया तोही कळवावा.