ड्युटीचा नवा तक्ता आणि शाखेची निवडणूक एकाच वेळी

प्रश्न :
नमस्कार. आमच्या परिचारिका संघटनेची व्यवस्थापनाशी नव्या ड्युटी तक्त्याबाबत बोलणी चालू असून, तीन पाळ्यांऐवजी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या कराव्यात असा प्रस्ताव समोर आला आहे. त्यातच शाखेच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक जाहीर झाली. मतदान एकाच दिवशी, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आहे. नाईट करून घरी गेलेल्या सिस्टरांनी झोप मोडून परत यावे काय? आणि तक्त्याचा निर्णय जुन्या कार्यकारिणीने घ्यावा की नव्या? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त शाखा सचिव) :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जुन्या कार्यकारिणीने बोलणी चालू ठेवावीत, मात्र मसुदा सर्वसाधारण सभेपुढे आल्याशिवाय सही करू नये. मतदानाच्या वेळेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आपले प्रतिनिधी पूर्ण स्वातंत्र्याने निवडण्याचा संघटनांचा हक्क आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1948 च्या 87 क्रमांकाच्या करारात मान्य झालेला आहे. परंतु मतपेटी उघडी असताना निम्मे मतदार झोपेत किंवा रुग्णाजवळ अडकलेले असतील, तर तो हक्क कागदावरच राहतो. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांचा ताबा व माहिती, देण्याघेण्याच्या वेळी उतरणारी आणि चढणारी अशा दोन्ही पाळ्या वॉर्डात असतात, म्हणून प्रत्येक ओव्हरच्या आधी व नंतर तासभर मतदान ठेवावे आणि सुट्टीवरच्या सभासदांसाठी ते किमान दोन दिवस चालावे. मधल्या वेळेत पेटी सीलबंद करून सीलवर सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्याव्यात. आणि हो, मतदानाची खोली मेट्रनच्या, म्हणजे परिचारिकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, कार्यालयाशेजारी नसावी. कारण सांगायला नकोच.

उत्तर (अतिदक्षता विभागातील परिसेविका) :
बारा तासांच्या पाळीत कामाचे दिवस कमी होतात, त्यामुळे दूर राहणाऱ्या अनेकींना ती हवी असते, हे मान्य. पण हिशेब करून पाहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिचारिकांविषयीच्या 1977 च्या 157 क्रमांकाच्या शिफारशीत रोजचे काम सामान्यतः आठ तासांपर्यंत, जादा कामासह बारा तासांपर्यंत असावे आणि दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तास सलग विश्रांती मिळावी, असे म्हटले आहे. लागोपाठच्या दिवशी बारा तासांची पाळी लावली की ओव्हरसाठी एक मिनिटही उरत नाही. रिलीव्हर (पुढच्या पाळीची सिस्टर) यायला उशीर झाला, सलाईनचा वेग आणि पंपावरील औषधांची मात्रा दोघींनी मिळून तपासली, नोंदी पुऱ्या केल्या, की अर्धा-पाऊण तास जातो आणि तो विश्रांतीतूनच कापला जातो. तेव्हा ओव्हरचा वेळ कामाच्या तासांत धरण्याचे कलम आधी लिहून घ्यावे. तीन पाळ्याच राहिल्या, तर त्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकाव्यात. उलटा क्रम शरीराला अधिक जड जातो. रात्रपाळीचे काम कर्करोगास 'बहुधा कारणीभूत' या गटात असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये नोंदवले आहे, त्यामुळे सलग किती नाईट लावायच्या याची मर्यादा करारात हवीच.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. मतदानाच्या वेळेबाबत निवडणूक अधिकाऱ्यांना आजच लेखी अर्ज देत आहोत. एक अडचण मात्र उरते : उमेदवारांत कायम नाईट करणारी एकही सिस्टर नाही.

उत्तर (निवृत्त शाखा सचिव) :
कार्यकारिणीच्या बैठका दुपारीच होत असतील, तर ती उभी राहणार कशी? बैठकीच्या दिवशी पदाधिकाऱ्याला ड्युटीतून सूट मिळेल, हे कलमही याच बोलणीत मागून घ्या. उमेदवारी अर्जांची मुदत संपली नसेल, तर ती वाढवण्याची विनंतीही त्याच अर्जात करा.