ऑटोमॅटिक गाडीचे जाम झालेले इंजिन उतरवायचे आहे, कन्व्हर्टरचे बोल्ट हाती येत नाहीत. मदत हवी आहे

लालमाती:
नमस्कार. इंजिन पूर्णपणे जाम झाले आहे आणि ते उतरवून दुसरे बसवायचे आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) इंजिनाला बोल्टांनी जोडलेला असतो आणि ते बोल्ट एका लहान खिडकीतून एकेक करून काढावे लागतात. समोर असलेला एक बोल्ट मी सोडवला, परंतु क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरत नसल्यामुळे बाकीचे बोल्ट त्या खिडकीसमोर येतच नाहीत. दुसरे इंजिन आणून ठेवले आहे आणि ग्राहक रोज विचारणा करतो. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

तेरा-चौदा:
गाडी कोणती, डिझेल की पेट्रोल, ओढ पुढच्या चाकांना की मागच्या, आणि इंजिन जाम कशाने झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. पाणी शिरून अडलेले इंजिन आणि तेलाअभावी बेअरिंग धरलेले इंजिन यांचे उपाय वेगळे असतात.

जुना पाना:
कारण कोणतेही असो, आधी इंजिन सोडवून पाहावे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल व गिअर तेलाचे पातळ मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून थोडे मागे, थोडे पुढे असे हलवावे. शेतावर अनेक पावसाळे उभी राहिलेली जीप मी याच पद्धतीने फिरती केली आहे.

लालमाती:
गाडी इनोव्हा क्रिस्टा २.८, म्हणजे डिझेल आणि मागच्या चाकांची. आंबोली घाटात दगड लागून इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फुटले, तेल वाहून गेले आणि तेलाचा दिवा लागल्यानंतरही चालकाने गाडी तशीच पुढे नेली.

तेरा-चौदा:
मग जुना पाना यांचा उपाय येथे लागू पडत नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतील. शिवाय वरून ओतलेले तेल गंजून चिकटलेल्या रिंगांपर्यंत पोचते, वितळून क्रँकला चावलेल्या बेअरिंगपर्यंत ते जाणार नाही.

जुना पाना:
प्रयत्न करून पाहण्यात काय हरकत आहे? क्रँक पाव फेरा जरी फिरला तरी आणखी एक-दोन बोल्ट समोर येतील.

सावली:
विम्याचा विचार केला आहे का? तेल गेल्यानंतर गाडी चालवल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. काही खोलण्यापूर्वी सर्वेक्षकाला दाखवणे आवश्यक असते.

लालमाती:
विमा हा ग्राहकाचा प्रश्न आहे आणि तो निकाली निघाला आहे. मला बोल्टांविषयी सांगा.

घाटवाट:
इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावेत. मी नेहमी तसेच करतो.

तेरा-चौदा:
एकत्र काढले तरी क्रँक जामच राहणार, म्हणजे तोच प्रश्न जमिनीवर सोडवावा लागणार. त्याऐवजी कन्व्हर्टर इंजिनालाच राहू द्यावा. बेलहाउसिंगचे (कन्व्हर्टरभोवतीचे, इंजिनाला जोडलेले गिअरबॉक्सचे पुढचे आवरण) सर्व बोल्ट काढून दोन्ही भाग सरळ रेषेत वेगळे केले की कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून आपोआप निसटून इंजिनाबरोबर येतो.

घाटवाट:
त्यासाठी इंजिन बरेच पुढे सरकावे लागते आणि पुढे रेडिएटरचा सांगाडा आडवा येतो. इंजिन तिरके झाले तर गिअरबॉक्सच्या तेलपंपाचे दात आणि शाफ्ट, दोन्ही खराब होतील. धडधाकट गिअरबॉक्स असा धोक्यात घालू नये.

लालमाती:
माझ्याकडे एका तुळईला टांगलेली चेन पुली आहे आणि छप्पर बुटके आहे. दोन्ही एकत्र तिरके करून उचलणे येथे शक्य नाही.

तेरा-चौदा:
हे आधी कळले असते तर वाद वाढला नसता. इंजिन पुढे नेऊ नका, गिअरबॉक्स मागे घ्या. बॅटरी सोडवा. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा), गिअरबॉक्स तेलाच्या कूलरचे पाइप आणि वायरिंगचे जोड काढा. इंजिनाचा मागचा भाग चेन पुलीवर तोलून धरा, गिअरबॉक्स पट्ट्याने बांधून ट्रान्समिशन जॅकवर घ्या आणि मगच मागचा आडवा दांडा व माउंटिंग सोडवा. आता गिअरबॉक्स सरळ मागे सरकवा. कन्व्हर्टरमधले तेल सांडेल, खाली मोठे पसरट भांडे ठेवा. बेलहाउसिंग बाजूला झाले की सर्व बाजूंनी जागा मोकळी होते आणि क्रँक न फिरवता उरलेल्या बोल्टांना पाना लागतो.

घाटवाट:
छप्पर बुटके असेल तर हा मार्ग मला मान्य आहे. मात्र गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नये.

लालमाती:
गिअरबॉक्स मागे आला आणि बोल्ट निघाले. इंजिन उद्या वर काढतो. जुना कन्व्हर्टर पुन्हा वापरायचा आहे.

तेरा-चौदा:
तर पंपाचे पुढचे ऑइल सील नवीनच लावा आणि कन्व्हर्टरचा मानेकडचा भाग ओरखड्यांसाठी तपासा. बसवताना कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर चढवा आणि पंपाच्या खाचांत पूर्ण आत जाईपर्यंत फिरवत राहा. तो टप्प्याटप्प्याने आत बसतो. बेलहाउसिंग इंजिनाला हाताने टेकले पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ती मिटवायला गेलात, तर पंप फुटेल आणि गिअरबॉक्सही खोलावा लागेल.