माशांच्या पिल्लांची ‘वाढ’ आणि ‘बेगमी’

प्रश्न : गोड्या पाण्यातल्या माशांच्या पिल्लांवर टिपण लिहितो आहे. पिल्लू खाल्लेल्या अन्नातून वाढते आणि पुढच्या टंचाईसाठी काही मागेही टाकते. या मागे टाकण्याला ‘ऊर्जासंचय’ म्हणावे, ‘साठा’ म्हणावे की सरळ ‘चरबी’? ‘वजन वाढले’ म्हटले की दोन्ही एकत्र होतात, आणि मला ती वेगळी दाखवायची आहेत.

उत्तर : ‘बेगमी’ घ्या. साठा कशाचाही, कशासाठीही असतो. बेगमी मात्र पुढचे वाईट दिवस ओळखून, वेळ असताना करून ठेवायची. पिल्लांचे नेमके तसेच चालते. थंड प्रदेशातल्या तळ्यांत ट्राउट, पर्च, बास यांची पिल्ले उन्हाळ्यात जे अंगी लागेल ते आधी लांबीत घालतात. मोठे मासे पिल्लाला अख्खे गिळतात, तेव्हा त्यांच्या जबड्यात न मावण्याइतके होणे ही पहिली निकड. हिवाळा जवळ आला की ओघ चरबीकडे वळतो, कारण गार पाण्यात खाणे तुटपुंजे आणि ते दिवस पोटातल्या शिलकीवर काढायचे असतात.

‘चरबी’ मी सरसकट वापरणार नाही. क्रूशियन कार्प हा मासा यकृतात भरपूर ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीच्या रूपातली साखर, ठेवतो. बर्फाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की या ग्लायकोजेनवर तगतो, आणि त्यातून तयार होणारे अल्कोहोल कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही बेगमीच आहे, पण चरबी नाही.

शंका : हिवाळ्याचे भय एवढे असेल तर पिल्लाने पहिल्या दिवसापासून बेगमीच का करू नये?

उत्तर : कारण लहान अंगात बेगमी पुरत नाही. ५ सेंटिमीटरचे पिल्लू १.२५ ग्रॅम भरले, तर त्याच ठेवणीचे १० सेंटिमीटरचे १० ग्रॅम भरेल. लांबी दुप्पट, वजन आठपट, आणि चरबी ठेवायची जागाही जवळपास आठपट. पण नुसते जगण्याचा खर्च वजनाच्या साधारण ०.८ व्या घाताने वाढतो, म्हणजे सव्वापाचपटच होतो. चरबीचे प्रमाण सारखे धरले तरी मोठे पिल्लू दीडपट दिवस निभावते. म्हणून ‘वाढ विरुद्ध बेगमी’ अशी मांडणी करताना जपून. एका घासापुरते ते भांडण खरे आहे, पूर्ण वर्षाचा विचार केला तर आधीची वाढच नंतरच्या बेगमीला जागा करून देते. शिवाय खायला आडोसा सोडून बाहेर यावे लागते, तिथे शिकारी असतात. त्यामुळे बेगमीलाही जोखीम चिकटलेली आहेच.

सामन माशाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. एकाच नदीतल्या, एकाच वयाच्या पिल्लांपैकी जी येत्या वसंतात समुद्राकडे जायची असतात, ती हिवाळ्यातही खात आणि वाढत राहतात. जी आणखी एक वर्ष नदीतच राहणार, त्यांची भूक मंदावते. त्यांची चरबी फार घसरली की मात्र भूक पुन्हा वाढते.

शंका : पण मोजणारा शेवटी वजनच करतो ना? लांबी आणि वजन घेतले की पिल्लू भरलेले की रोडावलेले हे कळते.

उत्तर : अंदाज येतो, खात्री नाही. फुल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक, म्हणजे ग्रॅममधले वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन, त्यासाठीच आहे. वरची दोन्ही पिल्ले त्यावर १ येतात. अडचण अशी की चरबी जळते तसे अंगातले पाण्याचे प्रमाण वाढते, आणि वजन म्हणावे तसे उतरत नाही. उपाशी पिल्लू तराजूवर बरे दिसते. पोट उघडून पाहिले तर फरक लपत नाही: खात्यापित्या पिल्लाच्या आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पांढरट चरबीचे पदर असतात, उपाशी पिल्लाचे आतडे उघडे पडलेले, यकृत आकसलेले, पित्ताशय मात्र टम्म. नक्की आकडा हवा असेल तर पिल्लू पूर्ण वाळवून त्यातला स्निग्धांश काढतात. एक ग्रॅम चरबीत सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते, प्रथिनात सुमारे २४.

मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली ही आपली नावेही आकारावरून पडलेली आहेत. त्यांतल्या कोणत्याही नावावरून बेगमी कळत नाही, तेव्हा ‘बोटुकलीची बेगमी’ असे वेगळे लिहावेच लागेल.

शंका : मांस कशात धरायचे? उपासमारीत मासे तेही जाळतात.

उत्तर : वाढीतच धरा. चरबी सरल्यावर पिल्लू मांसावर येते तेव्हा ‘मुद्दलाला हात घातला’ म्हणा, मराठी वाचकाला लगेच कळेल. उपासानंतर पुन्हा खायला मिळाल्यावर काही पिल्ले नेहमीपेक्षा झपाट्याने वाढतात, तिथे ‘कसर भरून काढली’ चपखल बसते. आणि क्रियापदे सांभाळा : बेगमी करतात, ती पुरते किंवा सरते. ‘बेगमी वाढली’ लिहिलेत तर वाढ आणि बेगमी पुन्हा एकमेकांत मिसळतील.