गिअर लिव्हर दाबला की वर येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे मोकळं लागतं: घरी करता येईल का? (नागपूर)

सक्करदरा_चारगिअर

गाडी १०० सीसी, आडवं इंजिन, चारही गिअर पुढे पडणारे. किलोमीटर साठ हजारांच्या पुढे गेले. सध्या असं होऊन राहिलं की पहिला, दुसरा नीट पडतो, पण लिव्हर दाबलेलाच राहतो. बुटाच्या टोकानं खालून उचलला की मगच तिसरा पडतो. कधी कधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधेच मोकळं लागतं, इंजिन नुसतं ओरडतं. डाव्या बाजूला पुढच्या चेनचक्राच्या कव्हरखाली ऑइलचा ओलावा पण आहे.

एका गॅरेजमध्ये "इंजिन उतरवून फुल खोलावं लागेल" असं सांगितलं. माझ्याकडे सॉकेट सेट, रिंगपाने, सर्कलिप पक्कड आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे. क्लच प्लेटा मी आधी बदलल्या आहेत. गिअरबॉक्स न उघडता हे काम होतं का? आणि कोणते पार्ट आधीच आणून ठेवू?

दहाबाराचा_पाना

भाऊ, इंजिन उतरवायचं आत्ताच ठरवू नका. या इंजिनात गिअर बदलायची यंत्रणा दोन ठिकाणी वाटलेली आहे. गिअर, फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि ड्रम (फोर्कना हलवणारा खाचांचा दंडगोल) क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या आत. तिथे जायचं तर केस फोडावीच (दोन अर्धे वेगळे करावेच) लागते. पण लिव्हरचा शाफ्ट, त्याची रिटर्न स्प्रिंग, ड्रम फिरवणारा पंजा, स्टार (ड्रमच्या टोकावरची खाचांची चकती) आणि स्टॉपर (त्या खाचांत बसणारा रोलरचा हात) हे सगळं उजव्या साइड कव्हरच्या आत, क्लचच्या मागे असतं. क्लच काढला की समोर दिसतं. लिव्हर परत न येणं हे बहुतेक वेळा याच भागाचं दुखणं असतं.

काम असं चालतं. लिव्हर दाबला की शाफ्ट फिरतो, पंजा ड्रमच्या टोकावरच्या पिनेला ढकलतो आणि ड्रम एक घर पुढे सरकतो. स्टॉपरचा रोलर स्टारच्या पुढच्या खाचेत पडून ड्रमला तिथेच धरतो. पाय सुटला की रिटर्न स्प्रिंग शाफ्टला मधोमध आणते आणि मगच पंजा पुढच्या पिनेवर चढतो. स्प्रिंग गेली की पंजा मागे येत नाही, म्हणून तुम्हाला लिव्हर उचलावा लागतो. अर्धवट मागे आला तर पुढची पिन अर्धीच पकडतो, ड्रम अर्धाच फिरतो, रोलर स्टारच्या टोकावर अडतो. तेच तुमचं मधलं मोकळं. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं.

कव्हर खोलण्याआधी बाहेरून पाहून घ्या:

लिव्हर शाफ्टवरून काढा. चिमटा बोल्ट ढिला किंवा लिव्हरच्या आतल्या रेघा झिजलेल्या असतील तर लिव्हर फिरतो आणि शाफ्ट जागीच राहतो. गाडी कधी डाव्या अंगावर पडली असेल तर लिव्हर आत वाकून कव्हरला घासतो, टाचेचा भाग फुटरेस्टला अडतो. नुसतं एवढंच असलं तर लिव्हर बदलून काम संपतं.

मग लिव्हर न लावता शाफ्टचं टोक पकडीत फडकं गुंडाळून हलकेच फिरवा. सोडल्यावर टणकन मधे आला तर स्प्रिंग जिवंत आहे. लोळत राहिला तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचा आधार सुटला आहे.

शेवटी इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, एका हातानं मागचं चाक फिरवत दुसऱ्या हातानं सगळे गिअर टाका. चाक न फिरवता टाकू नका. दाते समोरासमोर आले की चांगला गिअरबॉक्सही अडतो आणि उगाच संशय येतो.

एक महत्त्वाचं. गिअर पडल्यावर, भार घेताना सटकून मोकळा होत असेल तर ते वेगळं दुखणं. तिथे गिअरच्या बाजूचे खुंटे गोल झालेले किंवा फोर्क वाकलेला असतो. त्याला केस फोडण्यावाचून इलाज नाही.

वर्धारोड_७

यात क्लचची परीक्षा जोडा. क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळी खेळ १० ते २० मिमी हवी. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, असं असेल तर आधी क्लच बघा. उन्हाळ्यात बर्डीच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत राहिलं की प्लेटा तापून वाकतात, मग न्यूट्रल सापडत नाही. पण त्यात लिव्हर वर येतोच. खाली पडून राहत नाही.

सक्करदरा_चारगिअर

लिव्हर काढून पाहिला. रेघा ठीक, कुठे घासत नाही. शाफ्ट पकडीनं फिरवला तर मधल्या जागेभोवती बराच लोळतो, खाली नेला की तिथेच थांबतो, वर नेला तर मात्र परत येतो. चाक फिरवत शाफ्ट हातानं मागेपुढे केला तर चारही गिअर पडतात. क्लचची खेळ १५ मिमी. भार घेताना गिअर सटकत नाही.

दहाबाराचा_पाना

एकाच बाजूनं परत येतो म्हणजे स्प्रिंगचा एक पाय तुटला आहे. चारही गिअर हातानं पडतात म्हणजे ड्रम आणि फोर्क शाबूत आहेत. काम घरी होण्यासारखं आहे.

ऑइल इंजिन कोमट असताना खालच्या बोल्टातून काढा, पण साइड कव्हर पूर्ण थंड झाल्यावरच खोला. साइड स्टँडवर डावीकडे झुकवून ऑइल न काढताही कव्हर निघतं, ही युक्ती क्लच प्लेटांपुरती ठीक. इथे पॅकिंग खरवडायचं आहे, तुकडे आत जातात, म्हणून ऑइल काढाच. ते स्वच्छ पसरट भांड्यात घ्या आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. बारीक राखाडी लगदा साठ हजारांनंतर चालतो. धारदार तुकडा किंवा दाताचा कपचा मिळाला तर तिथेच थांबा, ते गिअरबॉक्सचं काम आहे. तुटलेल्या स्प्रिंगचा तारेसारखा तुकडाही इथेच सापडू शकतो, तो ओळखून बाजूला ठेवा.

किक, आड येत असेल तर फुटरेस्टची दांडी आणि क्लच केबल काढा. कव्हरचे बोल्ट लांबीनं सारखे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, घट्ट झाला असं वाटतं आणि कव्हर तिथे दाबलंच जात नाही. जोर लावला तर अॅल्युमिनियमचे आटे मरतात. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीनं कडेवर टिचक्या मारा. जोडात पेचकस घालून उचकटू नका, ओरखडा पडला की नवं पॅकिंगही गळतं. ओढताना किकचा शाफ्ट अंगठ्यानं आत दाबून धरा, नाहीतर तो सोबत येतो आणि किकची स्प्रिंग सुटते. कव्हरच्या दोन पोकळ पिना कुठे आहेत ते पाहून ठेवा.

क्लचच्या चार स्प्रिंगांचे बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे करून ढिले करा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्रेशर प्लेटचा कान तुटतो. मधला हब काही इंजिनांत सर्कलिपनं धरलेला असतो, काहींत चार खाचांच्या लॉकनटनं. लॉकनट असेल तर त्याचा खास सॉकेट घ्या. छिन्नी-हातोडीनं खाचा चुरतात आणि वार सरळ शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. गिअर फिरू नयेत म्हणून दातांमधे तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी अडकवा, पोलादाची नको. काही इंजिनांत क्रँकवरचा ऑइल रोटर (फिरताना ऑइलमधला गाळ अडवणारा) क्लचच्या आड येतो, तिथे तोही काढावा लागतो. आड येत नसला तरी त्याचं झाकण काढून आतला काळा गाळ पुसून घ्या.

प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. क्लच हाउसिंगच्या मागचं वायसर ऑइलनं चिकटून राहतं आणि नंतर कुठे तरी पडतं, ते आधी शोधा. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून खाली ०.२ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) गेला तर ती वाकलेली आहे.

आता शाफ्ट उजवीकडे ओढा, पंजासकट येईल. डाव्या टोकाच्या रेघांवर आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सील आतून कापलं जातं.

इतवारी_स्पेअर

दहाबारा भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं, पण मुख्य जागा राहिली. रिटर्न स्प्रिंगचे दोन पाय ज्या पिनेच्या दोन्ही बाजूंना बसतात ती पिन केसमध्ये आटे पाडून बसवलेली असते. ती ढिली झाली की स्प्रिंग नवी असूनही शाफ्ट मधे येत नाही. तुमचा शाफ्ट "मधल्या जागेभोवती बराच लोळतो" ही गोष्ट मला नुसत्या तुटलेल्या पायापेक्षा पिनेकडे बोट दाखवणारी वाटते. बहुतेक दोन्ही आहे: पिन ढिली झाली, स्प्रिंगवर तिरका मार बसत गेला आणि पाय तुटला. नुसती स्प्रिंग बदलली तर तीही तशीच तुटेल.

पिन पान्यानं हलवून बघा. हलली तर पूर्ण काढा, आटे पेट्रोलनं धुऊन कोरडे करा, मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचे (आटे ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब लावून घट्ट बसवा. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉक धरत नाही. केसचे आटे गेले असतील तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावं लागेल. पिन झिजून तिला खाच पडली असेल तर नवी घ्या.

तोच थ्रेडलॉक स्टारच्या मधल्या बोल्टला. हा एम-६ बोल्ट आहे, साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. लांब दांडीच्या रॅचेटनं आवळला की डोकं तुटतं, उरलेला बोल्ट ड्रममध्ये राहतो, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. स्टारच्या मागे छोटी पिन असते, ती ड्रमच्या छिद्रात बसली आहे याची खात्री करून मगच आवळा. तिरकी बसली तर गिअरची घरं चुकतात.

स्टॉपरचा रोलर बोटानं फिरवा. फिरला पाहिजे आणि त्यावर सपाट चट्टा नको. बोल्ट आवळल्यावर स्टॉपरचा हात मोकळा हलतो ना ते परत बघा. त्याची कॉलर बोल्टाच्या बाहेर बसली तर हात चिमटला जातो, मग गिअर पडतो पण टिकत नाही.

काउंटरवर नुसतं "गिअरची स्प्रिंग द्या" म्हणू नका, स्टॉपरची मिळेल. मागायचं ते असं: गिअर शाफ्टची रिटर्न स्प्रिंग, स्टॉपर स्प्रिंग, उजव्या कव्हरचं पॅकिंग, गिअर शाफ्टचं ऑइल सील, ड्रेन बोल्टचं वायसर. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, जुना पार्ट सोबत न्या. स्प्रिंग काउंटरवरच जुन्या शाफ्टवर चढवून बघा: दोन्ही पाय शाफ्टच्या कानाला दोन्हीकडून टेकले पाहिजेत, मधे फट नको. डुप्लिकेट स्प्रिंगमध्ये ही फट राहते आणि लिव्हरला पहिल्या दिवसापासून खेळ लागते. या एका पार्टात पैसे वाचवू नका, कारण तो बदलायला परत सगळा क्लच काढावा लागतो. चार खाचांचा सॉकेट दुचाकीच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो. लोहा ओळीत (इथल्या लोखंडी सामानाच्या बाजारात) जाण्याआधी नटाचं बाहेरचं आणि आतलं माप घेऊन जा.

वर्धारोड_७

डावीकडच्या ओलाव्याबद्दल. शाफ्ट बाहेर आहे तेव्हाच सील बदला. जुन्या सीलला मधोमध बारीक स्क्रू फिरवून पकडीनं ओढा, केसच्या कडेला ओरखडू नका. नव्याच्या ओठाला थोडं ग्रीस, स्प्रिंगवाली बाजू इंजिनाकडे, सीलच्या मापाचा सॉकेट ठेवून सरळ दाबा. शाफ्टवर सीलच्या जागी बोटाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल, तिथे शाफ्टच बदलावा लागतो. पण ओलावा नक्की इथलाच का, ते आधी बघा. चेनचक्राच्या शाफ्टचं सील शेजारीच आहे. सगळं पुसा, टाल्कम पावडर मारा, थोडं चालवा. पहिली रेघ कुठून येते ते दिसतं.

सक्करदरा_चारगिअर

पिन खरंच हलते आणि स्प्रिंगचा खालचा पाय तुटलेला आहे. तुकडा ऑइलच्या जाळीवर सापडला. केसचे आटे ठीक. पार्ट आणले. बसवताना काय जपायचं, आणि कव्हर लावायच्या आधी काय तपासू?

दहाबाराचा_पाना

तुकडा पूर्ण सापडला का ते जुन्या स्प्रिंगला जोडून बघा. कमी पडत असेल तर चुंबकाची कांडी तळाला फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शाफ्ट आत घालताना पंजा बोटानं मागे ओढून धरा, पिनांवर बसला की सोडा. स्प्रिंगचे पाय केसच्या पिनेच्या दोन्ही बाजूंना. क्लच बसवण्याआधी लिव्हर तात्पुरता लावून, चाक फिरवत, पहिला ते चौथा आणि परत न्यूट्रल असं कित्येकदा करा. दर वेळी लिव्हर स्वतःहून मधे यायला हवा आणि रोलर खाचेत पडताना दिसायला हवा. ही तपासणी उघड्यावर होते तोवरच करा.

हब लॉकनटवाला असेल तर त्याच्या वायसरवर "आउटसाइड" कोरलेली बाजू बाहेर. प्लेटा ऑइलमध्ये भिजवून लावा, नव्या असतील तर रात्रभर. ऑइलची जाळी धुऊन होती तशीच सरकवा. पॅकिंग कोरडंच लावा. सिलिकॉन थापलं तर आत दाबलेला थर सुटून जाळीत अडकतो. कव्हरचे बोल्ट छोट्या रॅचेटनं, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत.

ऑइल १० डब्ल्यू ३०, जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचच्या दुचाकींसाठीच्या) दर्जाचं. कारचं नको, क्लच घसरेल. मॅन्युअलमध्ये नुसतं बदलताना किती आणि इंजिन खोलल्यावर किती, असे दोन आकडे असतात. पहिल्या आकड्याइतकं घाला, काही मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा, मग गाडी सरळ उभी ठेवून डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून पातळी बघा. रोटर आणि कव्हर रिकामं झाल्यामुळे थोडं अजून लागेल. जुनं ऑइल नालीत टाकू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून ते गोळा होतं.

केबलची खेळ परत १० ते २० मिमी करून घ्या. पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात चालवून परत आल्यावर कव्हरचा खालचा जोड आणि डावं सील कोरड्या फडक्यानं पुसून बघा.