अनुभव धागा : सातोशी कोनचे चित्रपट – कुठला सरस, आणि नेमका कुठल्या कटमुळे?

धागाकर्ता

जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक सातोशी कोन (१९६३–२०१०) वयाच्या ४६ व्या वर्षी गेला. मागे पूर्ण लांबीचे चारच चित्रपट: पर्फेक्ट ब्लू (१९९७, ८१ मिनिटं), मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस (२००१, ८७), टोकियो गॉडफादर्स (२००३, ९२) आणि पाप्रिका (२००६, ९०). शिवाय १३ भागांची मालिका पॅरानोईया एजंट (२००४). चारही चित्रपट मिळून ३५० मिनिटं होतात, म्हणजे एका रविवारात बसतात. वाद मात्र वर्षानुवर्षं पुरतो.

इथे "अंगावर काटा आला" नको. कुठला प्रसंग, काय केलंय, कसं केलंय आणि कुठे फसलंय ते लिहा. रहस्यभेद होणारच, तेव्हा न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

कातरपट्टी

माझं मत मिलेनियम अ‍ॅक्ट्रेसला, आणि कारण निव्वळ संकलनाचं आहे.

कोनचे आकार जुळवणारे कट, म्हणजे एका चित्रातला आकार पुढच्या चित्रातल्या तशाच आकारावर नेणारे, सगळ्यांना माहीत असतात. पण आकार जुळवणं हा त्यातला सोपा भाग. कट न कळता सरकायचा असेल तर तीन गोष्टी एकदम जमाव्या लागतात. पहिली, आधीच्या चित्राच्या शेवटच्या फ्रेममध्ये प्रेक्षकाची नजर जिथे टेकली आहे, तिथेच पुढच्या चित्राचा विषय हवा. दुसरी, हालचालीची दिशा तीच हवी. डावीकडून उजवीकडे पळणारी बाई पुढच्या चित्रात उलटी पळाली की धागा तुटला. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्रिया अर्धी आधीच्या चित्रात आणि अर्धी पुढच्या चित्रात हवी. दार ढकललं एका काळात आणि उघडलं दुसऱ्या काळात.

मांचुरियातल्या रेल्वेवर दरोडेखोर तुटून पडतात तो प्रसंग घ्या. नायिका चियोको, म्हणजे ती नटी, डब्याचं दार ओलांडते आणि पलीकडे जळता किल्ला असतो, युद्धखोर सरदारांच्या काळातला. धाव मात्र तीच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. तशी पाहिली की कळतं, त्या क्षणी डोळ्याला जागा बदलावीच लागत नाही. म्हणून मेंदू आधी "पळतेय" एवढंच नोंदवतो आणि "कुठे" हे नंतर विचारतो.

आता उणेपणा. पाप्रिकाच्या उत्तरार्धात हेच तंत्र थकवतं. चियोकोच्या प्रत्येक उडीमागे एकच ओढ आहे, तरुणपणी भेटलेल्या त्या माणसाला गाठायचं. पाप्रिकात स्वप्नं एकमेकांत मिसळली की कुठूनही कुठेही जाता येतं. अडसरच नसेल तर उडी मारल्याचं कौतुक काय?

रेघोट्या

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य पटलं नाही, त्याकडे मागाहून येते. आधी पर्फेक्ट ब्लू, कारण अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याने त्यातला एक प्रसंग वहीत उतरवून काढावा असा आहे.

शेवटचा पाठलाग. आपल्याला दिसते ती कल्पनेतली मीमा, म्हणजे गायिका नायिका. झालरीच्या पोशाखात, पाय जमिनीला जेमतेम टेकवत ती बागडत येते. दुकानांच्या काचांत मात्र प्रतिबिंब तिची व्यवस्थापक रूमीचं आहे. स्थूल, धापा टाकणारी, तोच पोशाख कसाबसा चढवलेली. साधा चित्रकार इथे काय करील? एकाच धावेवर दोन शरीरं चढवील. तसं केलं असतं तर ती नुसती गंमत झाली असती. इथे दोघींचं वजन वेगळं आहे. हलक्या शरीराला हवेत वेळ मिळतो. जड शरीराचा पाय पडला की गुडघा दबतो, खांदा खाली जातो आणि पुढचं पाऊल उशिरा उचललं जातं. एकाच चित्रात दोन लयी, आणि दोघींनी अंतर मात्र सारखंच कापायचं. वेळेचा हिशेब आधी कागदावर मांडल्याशिवाय हे होत नाही.

हा हिशेब एकोन्तेत असतो. एकोन्ते म्हणजे जपानी पद्धतीचा चित्रफलक-आराखडा. उभ्या कागदावर साधारण पाच चौकटी, एका बाजूला कटचा क्रमांक, मग चित्र, हालचालीची टीप, संवाद आणि शेवटी वेळ. वेळ लिहितात '३+१२' अशी, म्हणजे तीन सेकंद आणि वर बारा फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम धरून हे साडेतीन सेकंद झाले. एक रेखाटन दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला १२ रेखाटनं लागतात, तीन फ्रेम ठेवलं तर ८. शांत संवादाला ८ चालतात. धावायला ८ वापरली तर पाय अडखळल्यासारखे दिसतात.

कोन एकोन्ते स्वतः काढायचा, आणि पाप्रिकाच्या वेळी ती इतकी नेटकी होती की मोठी करून थेट लेआउटसाठी, म्हणजे प्रत्येक कटमधली पात्रं आणि पार्श्वभूमी यांच्या मांडणीसाठी, वापरली गेली. फायदा असा की पार्श्वभूमी काढणारा आणि पात्र काढणारा यांच्यात दृष्टिकोनाचा घोळ होत नाही. तोटाही तिथेच आहे. सगळं आधीच ठरलेलं असलं की गेंगा काढणाऱ्याला, म्हणजे मुख्य रेखाटनं करणाऱ्याला, अभिनयासाठी मोकळी जागा कमी उरते. पाप्रिका थंड वाटतो तो उड्यांमुळे नाही, यामुळे. टोकियो गॉडफादर्समधल्या तीन बेघरांपैकी हाना बघा: चेहरा ताणला जातो, ओठ मुडपतात, रागात जबडा जागेवर राहत नाही. शरीररचनेच्या नियमाने ते चूक, पण माणूस म्हणून अगदी बरोबर. त्यामुळे माझं मत गॉडफादर्सला.

तळटीप

एक दुरुस्ती, कारण ही अफवा प्रत्येक चर्चेत येतेच. एका अमेरिकन दिग्दर्शकाने आंघोळीच्या टबातला एक प्रसंग वापरता यावा म्हणून पर्फेक्ट ब्लूचे हक्क विकत घेतले, असं सांगतात. त्याच्या चित्रपटातला आणि पर्फेक्ट ब्लूमधला प्रसंग एकमेकांसारखे दिसतात हे खरं. हक्क विकत घेतल्याची गोष्ट खोटी.

दुसरं, पर्फेक्ट ब्लूला मूळ कादंबरी आहे, योशिकाझु ताकेउची यांची. पण चित्रपट तिच्याबरहुकूम नाही. गायिका नायिका, तिच्यामागे लागलेला चाहता आणि भयकथेचा बाज, एवढं राखून कोनने बाकीचं बदललं. मालिकेतली मालिका, आरशातली दुसरी मीमा वगैरे शोधत मूळ पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होईल.

मूळबरहुकूम

मिलेनियम अ‍ॅक्ट्रेसच्या शेवटच्या वाक्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चियोको स्वार्थी निघाली, आयुष्यभराच्या प्रेमावर शेवटी पाणी ओतलं. दुसरा म्हणतो, हाच चित्रपटाचा कळस. माझ्या मते अर्धं भांडण इंग्रजी उपशीर्षकांनी लावलंय.

इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ साधारण "मला पाठलाग आवडतो" असा उतरतो. जपानी वाक्यात आवडण्याची वस्तू पाठलाग नाही, 'मी' आहे. आधी "त्या माणसाच्या मागे धावणारी" हे विशेषण येतं, मग "मी", मग "आवडते". मराठीत हे एकही शब्द न हलवता करता येतं, कारण आपलं विशेषणवाक्यही नामाच्या आधी बसतं आणि क्रियापद शेवटी. "त्याच्यामागे धावणारी मी मला आवडते." आता हे स्वार्थी वाटतं का बघा. मला तर म्हातारपणी स्वतःच्या तारुण्याकडे पाहून केलेला कबुलीजबाब वाटतो. वाक्याच्या शेवटी "मोन" असा लाडिक, किंचित हट्टी प्रत्ययही आहे. आपल्याकडचं "आवडते बाई मला" हे त्याच्या जवळपास जाणारं.

चियोकोची मुलाखत घेणाऱ्या जेन्याला खरं ठाऊक असतं हेही विसरू नये. तो माणूस पोलिसांच्या छळात केव्हाच मेलाय. चियोको ज्याच्यामागे धावतेय तो चित्रपटाच्या निम्म्याहून अधिक भागात हयातच नाही. ते वाक्य या माहितीवर येऊन पडतं.

गॉडफादर्समध्येही असंच नुकसान होतं. हाना मधूनच हायकू म्हणते. शिरीष पैंमुळे हायकू मराठी वाचकाला परका नाही. तीन ओळींचा तो झटका गेला की उरतं नुसतं विधान. उपशीर्षकात ते एका ओळीत कोंबलं असेल तर विनोदही जातो आणि हानाची हौसही.

कानसेन

सगळे डोळ्यांचंच बोलताय. मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस, पॅरानोईया एजंट आणि पाप्रिका या तिन्हींचं संगीत सुसुमु हिरासावाचं. गॉडफादर्सचं केइची सुझुकीचं. फरक कानाला लगेच कळतो. हिरासावा प्रसंगाखाली संगीत घालत नाही, तो प्रसंगाला ढकलतो. पाप्रिकातली मिरवणूक आठवा: फ्रीज, बेडूक, बाहुल्या, तोरी (जपानी देवळांपुढच्या) कमानी सगळं वाजतगाजत चाललंय. ताल आनंदी, आवाजांची गर्दी मात्र अंगावर येणारी. लग्नाची वरात आपल्याच घरात घुसली तर जे वाटेल ते. या संगीतात त्याने गाणाऱ्या माणसाबरोबर व्होकालॉइड, म्हणजे संगणकाने घडवलेला गाता आवाजही वापरला. स्वप्न आणि यंत्र यांच्या सरमिसळीच्या चित्रपटात गळाही सरमिसळीचा. हे सुचायला कान लागतो.

गॉडफादर्स संपतो बीथोवनच्या नवव्या सिंफनीतल्या आनंदगीतावर, आणि तेही खट्याळ चालीत. जपानमध्ये ही सिंफनी वर्षअखेरीला जागोजागी गायली जाते. गोष्ट नाताळला सुरू होऊन वर्षाच्या टोकाला संपते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला ते गाणं ऋतूसारखं ऐकू येतं. श्रेयनामावली लागली की बंद करणाऱ्यांचं हे हुकतं.

चियोकोला तीन वयांसाठी तीन आवाज आहेत: फुमिको ओरिकासा, मामी कोयामा, मियोको शोजी. धावतानाचा श्वास ऐका, वय तिथे आधी बदलतं.

कातरपट्टी

@रेघोट्या, लेआउटचा मुद्दा मान्य. पण पाप्रिकातच कोनाकावा हा पोलीस पाप्रिका या नायिकेला दिग्दर्शनाचे धडे देतो. दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली की कोण कुणाकडे बघतंय ते कळेनासं होतं, हे तो समजावून सांगतो आणि चित्रपट ते तिथल्या तिथे करून दाखवतो. नियम एवढा माहीत असलेला माणूस उत्तरार्धात तो सोडून देतो, तेव्हा ती निवड आहे हे मीही मान्य करतो. परिणाम झाला नाही एवढंच माझं म्हणणं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. कोनचे कट इतके आखूड कसे चालतात? खऱ्या माणसांच्या चित्रीकरणात कपडे, सावल्या, मागची गर्दी सगळं आपोआप येतं आणि डोळ्याला ते गाळायला वेळ लागतो. रेखाटनात बघायचं तेवढंच काढता येतं. म्हणून जिथे कॅमेऱ्याला दीड सेकंद द्यावा लागेल तिथे कोन अर्ध्यात उरकतो. हीच लांबी खऱ्या चित्रीकरणात उचलणारे तोंडावर पडतात ते यामुळे.

खिडकीतली जागा

मंडळात किंवा घरी दाखवणार असाल तर कामाचं सांगतो.

क्रम: सुरुवात गॉडफादर्सने. बेघर तिघं, कचऱ्यात सापडलेलं बाळ, योगायोगावर योगायोग. १२२५ हा आकडा ठिकठिकाणी पेरलाय, लोकांना तो शोधायला सांगा, पडद्यावरची नजर हलत नाही. मग मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस, मग पाप्रिका. पर्फेक्ट ब्लू शेवटी आणि फक्त प्रौढांना. त्यात चित्रीकरणातला बलात्काराचा लांब प्रसंग आहे आणि हिंसा उघडी आहे. "कार्टूनच तर आहे" म्हणून मुलांना घेऊन येणाऱ्यांना दारातच सांगावं लागतं.

पडदा: नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते, ती आधी बंद करा. ती दोन रेखाटनांच्या मध्ये स्वतःची खोटी चित्रं घुसवते. रेघोट्यांनी सांगितलेली १२ आणि ८ रेखाटनांची लय तिथेच मरते आणि पात्रं तेलात तरंगल्यासारखी दिसतात.

जुनी पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी असेल तर ती सेकंदाला २५ फ्रेमने चालते. ८७ मिनिटांचा चित्रपट साडेत्र्याऐंशीत संपतो आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर स्वर थोडा चढतो. 'फ्रेम कापल्यात' म्हणून तक्रार येते, पण कापलेलं काही नसतं. नव्याने साफ केलेली ब्लू-रे २४ वरच असते.

तळटीप

पॅरानोईया एजंटला कुणी हात लावला नाही. चित्रपटांत न मावलेल्या कल्पनांतून ती उभी राहिली, म्हणून भागाभागांत दर्जा हलतो. मधले काही भाग मूळ गोष्ट सोडून भटकतात. पण दहावा भाग चुकवू नका. एक अ‍ॅनिमे मालिका वेळेत पोहोचवताना स्टुडिओ कसा कोसळतो ते त्यात आहे, आणि गोष्ट थांबवून प्रत्येक कामाची ओळख करून दिली जाते: कोण काय करतो, आणि त्याने उशीर केला की पुढच्या कुणाचं काय होतं. या धाग्यावरचे निम्मे शब्द तिथे कळतील.

रेघोट्या

आणि ज्यांच्याकडे एका भागाची २५ मिनिटंही नाहीत त्यांनी कोनचाच लघुपट ओहायो बघा, २००७ चा, एका मिनिटाचा. मुलगी झोपेतून उठते. शरीर उठतं, पण ती अजून अंथरुणातच असते, मग मागून रेंगाळत येते. तोंड धुवेपर्यंत दोघी एक होत नाहीत. मागे राहणाऱ्या शरीराची लय पुढच्यापेक्षा किती फ्रेम उशिरा आहे ते मोजा आणि इथे लिहा. माझा आकडा आत्ता सांगत नाही.